राखणीला गेलेली पलटण

“माझे सासरे कोरियाच्या युद्धात होते,” असं मी अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत भेटेल त्याला सांगत सुटले होते, आणि दर वेळी मागून मामंजींचा आवाज यायचा, “युद्धात न्हाई, पोरी. राखणीला.”

२००३चा उन्हाळा होता. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, साताऱ्याकडच्या गावी मामंजी एकटे पडले होते, म्हणून नवऱ्याने हट्टाने त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. मी पडले नागपूरची. आमच्या माहेरी मीठ मागितलं तरी शेजारच्या घरी कळायचं. त्यात नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. असल्या सुनेच्या घरात हा माणूस इतका अलगद राहायचा की मला राग यायचा. काही विचारा, उत्तर ठरलेलं. भात टाकू की पोळ्या करू? “तुमचं तुमी ठरवा.” वीकेंडला नायगारा की वॉशिंग्टन? “तुमचं तुमी ठरवा.” जन्मभर हुकूम पाळले, आता हुकमाशिवाय काही सुचत नसेल, असं मी मनात म्हणायचे. नवऱ्यालाही म्हणून दाखवायचे.

तरी त्यांनी इथे एक मित्र मिळवला होता. आमच्या समोरच्या घरातले अमेरिकन आजोबा. उंच, पाठीत किंचित वाकलेले, अंगणात झेंडा, डोक्यावर कायम त्या युद्धाची टोपी. सकाळी दोघं तळ्याभोवती फिरायला जायचे. मामंजींचं इंग्रजी म्हणजे ‘गुड मॉर्निंग सर’ आणि ‘व्हेरी कोल्ड’, आजोबांचं मराठी शून्य. पण चालायला भाषा कशाला लागते? मामंजींनी त्यांच्या परसातल्या टोमॅटोंना काठ्या लावून दिल्या, आणि पहिली टोपलीभर फळं आमच्याकडे आली. मी त्याचं सार केलं तर मामंजी खुशीत दोनदा वाढून घेऊन जेवले.

टोपीवरचं ‘कोरिया’ हे नाव वाचूनही मामंजी गप्प होते. पण मला कुठला धीर! एकदा आजोबांना घरामागच्या डेकवर चहाला बोलावलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, “हेही कोरियात होते, बरं का!” मला वाटलं, आता हे उठून मिठीच मारतील. त्यांचे डोळे चमकलेही. कुठल्या युनिटमध्ये, कुठल्या साली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की गोळीबार थांबल्यावर, कैद्यांवर पहारा करायला भारताची फौज गेली होती, त्यात.

“ओह,” ते म्हणाले. “ती माणसं. न्यूट्रल.”

त्या वर्षी इराकचं युद्ध नुकतंच पेटलं होतं, फौजेला पाठिंबा म्हणून झाडाझाडांना पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या, आणि मधे उभं राहणं ही शिवी झाली होती. पण आजोबांचा राग जुना होता. ते शांतपणे म्हणाले की आमच्यात तेव्हा सगळे जाणून होते, हिंदी शिपाई कैद्यांना लाल, म्हणजे कम्युनिस्ट बाजूकडे ढकलत होते. कैद्यांना परत जायचं नव्हतं, आणि तुमची माणसं त्यांना दार दाखवत होती. एवढं बोलून अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला उलट्या दिशेने जायला लागले.

“काय म्हणाला गं तो?” मामंजींनी विचारलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“अहो, चिडा की जरा!” मी म्हटलं.

“त्याचे दोस्त मेले असतील तिथं,” ते म्हणाले. आणि पुढे, “पण ढकलत व्हतो, असं आजपावतर कुणी म्हणलं न्हवतं.”

त्यानंतर त्यांनी फिरायला जाणंच सोडलं. बूट दाराशी तसेच. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. सार केलं तरी एकच वाटी. तेव्हा कळलं, या माणसाच्या वर्मी घाव लागलाय. लढाई न लढलेल्या शिपायाकडे अभिमानाची एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपण तिथे प्रामाणिक राहिलो, आणि शेजाऱ्याने नेमकी तीच काढून घेतली होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा. मी याचा छडा लावते.

टाउनच्या लायब्ररीत त्या युद्धावर एक अख्खी मांडणी होती. ऑफिसातून सुटले की मी तिथे. वाचून जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते. महायुद्ध संपल्यावर दोन बड्या सत्तांनी एका लहानशा देशाच्या मधोमध रेघ ओढली. वरचा तुकडा रशियाच्या छत्राखाली, खालचा अमेरिकेच्या. एक दिवस वरचे खाली घुसले. मग अमेरिका आणि तिचे दोस्त उतरले आणि वर घुसले. ते चीनच्या सीमेपाशी आल्यावर चीन उतरला. रशियाने विमानं दिली, वैमानिकसुद्धा दिले, पण गुपचूप. भांडण दोन दांडग्यांचं, आणि अंगण, भांडीकुंडी, पोरंबाळं सगळी तिसऱ्याची. तीन वर्षं माणसं मेली आणि रेघ राहिली जवळपास होती तिथेच.

बोलणी अडली कशावर, तर कैद्यांवर. उत्तरेचे आणि चीनचे हजारो कैदी म्हणायला लागले की आम्हाला घरी जायचं नाही. एका बाजूला तो विजय वाटला, दुसऱ्या बाजूला नाक कापल्यासारखं झालं. या एका मुद्द्यावर वर्षाहून जास्त काळ बोलणी रेंगाळली आणि तोवर डोंगरांवर पोरं मरत राहिली. त्यात छावण्यांच्या आत कैद्यांच्याच टोळ्या होत्या. परत जातो म्हणणाऱ्याला एक टोळी मारायची, जात नाही म्हणणाऱ्याला दुसरी. कोण स्वतःच्या मनाचं बोलतंय, देव जाणे! शेवटी ठरलं की या माणसांना कुणातरी तिसऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि तिथे त्यांना निवांत विचारायचं. तो तिसरा म्हणजे नुकता स्वतंत्र झालेला आपला देश. दोघांच्याही मर्जीतला नव्हता, म्हणूनच दोघांना चालला. पाच देशांचं कमिशन, अध्यक्ष आपला, आणि राखणीला फौज फक्त आपली. दक्षिणेचं सरकार तर इतकं खवळलं की हिंदी शिपायाचा पाय आमच्या जमिनीला लागू देणार नाही म्हणालं. मग आपली पोरं बोटीतून उतरली ती थेट हेलिकॉप्टरमध्ये, आणि तिथून दोन सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात.

हे सगळं मी जेवताना मामंजींना सांगत होते, जसं काही ते मलाच माहीत! ते ऐकत होते. मग म्हणाले, “हेलिकॉप्टरात मला उलटी झाली.” आणि पहिल्यांदा बोलायला लागले. नवरा घास हातात धरून बसला. त्यानेही हे कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं की कैदी सुरुवातीला यांच्यावर दगडच मारायचे, घोषणा द्यायचे, कारण हे कम्युनिस्टांचे हस्तक आहेत असं त्यांना पढवलेलं होतं. आत जायचं ते बिनहत्यारी. एकदोनदा बाहेरून गोळी चालवावी लागली आणि माणसं मेली, हेही त्यांनी सांगितलं, मान खाली घालून. मग तंबू. एकेका कैद्याला तंबूत आणायचं. समोर त्याच्या देशाचे अधिकारी बसायचे आणि त्याला समजावायचे, बाबा, घरी चल, तुला कुणी काही करणार नाही. कमिशनची माणसं बाजूला बसून ऐकायची. तंबूला दोन दारं. एकातून गेला तर तो मायदेशी, दुसऱ्यातून गेला तर परत छावणीत. मधे आमचे मामंजी.

“तुम्ही काय करायचात?” मी विचारलं.

“काय न्हाई करायचं, हेच तर शिकवलं व्हतं.”

आणि ते शिक्षण कसलं होतं! त्यांच्या हवालदाराने रिकाम्या तंबूत त्यांना उभं करून तालीम घेतली होती. कैदी अंगावर धावला, अधिकाऱ्यावर खुर्ची उचलली, तर धरायचं, पण धरताना त्याचं तोंड कुठल्याच दाराकडे वळवायचं नाही. स्वतःचं वजन दोन्ही पायांवर सारखं. हात हलवायचा नाही, मान हलवायची नाही, नाक गळलं तरी पुसायचं नाही. त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, दाराकडे तर नाहीच. नजर तंबूच्या मधल्या खांबावर. कारण घाबरलेला माणूस कुणाच्याही डोळ्यांत उत्तर शोधतो, आणि तुमच्या डोळ्यांनी दिलेलं उत्तर मग त्याचं राहत नाही.

मी हातातली पोळी खाली ठेवली. भात की पोळी, नायगारा की वॉशिंग्टन! अगं बाई, या माणसाला मत नाही म्हणत होते मी. लाज वाटली, आणि त्याहून जास्त छाती फुगली. म्हटलं, हे त्या म्हाताऱ्याला ऐकवलंच पाहिजे.

संधी चालून आली. युद्धबंदीला पन्नास वर्षं झाली म्हणून जुलैअखेर लायब्ररीत शनिवारी दुपारी कार्यक्रम होता, आणि बोलणार होते आमचे समोरचे आजोबाच. मी आठवडाभर खपून भलंमोठं प्रेझेंटेशन केलं. नकाशे, बाण, तंबूचं चित्र. मामंजींना दाखवलं. ते म्हणाले, “झ्याक हाय. पन मी बोलनार न्हाई. जाऊन ऐकू फक्त.”

“अहो, पण तुमच्यावर आळ घेतलाय त्यांनी!”

“मी न्हाई ढकललं म्हणून मीच सांगायचं? त्याला काय किंमत?”

“यार, तू तिथे राडा करू नकोस, प्लीज,” नवरा गाडी काढताना म्हणाला. मी काही कबूल केलं नाही.

हॉल भरला होता. टोप्या घातलेले म्हातारे आणि त्यांच्या बायका, बऱ्याच खुर्च्यांवर कोरियन मंडळी. त्यांच्या चर्चच्या बायकांनी सुरुवातीला गाणं म्हटलं. मग आजोबा उभे राहिले. खोटं कशाला बोलू, फार चांगलं बोलले. बोटं काळी पडून गळतील अशी थंडी, शेजारी झोपलेला मित्र सकाळी उठलाच नाही, हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मी मामंजींसाठी हळू आवाजात मराठीत सांगत होते आणि ते मान हलवत होते. थंडीची गोष्ट आली तेव्हा म्हणाले, “खरं हाय.”

मग आजोबा कैद्यांवर आले. आमच्याकडे नजर गेली तरी थांबले नाहीत. पहाऱ्यावरचे हिंदी सैनिक नावाला तटस्थ होते, कैद्यांना ते उत्तरेकडे ढकलत होते, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. हे वाक्य मी भाषांतर केलं नाही. मी उभी राहिले.

“हे साफ खोटं आहे,” मी म्हटलं, आणि माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, माहेरची कृपा. “माझे सासरे त्या तंबूत पहाऱ्यावर होते. ते इथे बसलेत. त्यांच्या तोंडावर सांगा!”

सगळ्या माना वळल्या. नवऱ्याने कपाळाला हात लावला. “खाली बस,” मामंजी पुटपुटले. आजोबांचा चेहरा लाल झाला होता, पण माणूस सभ्य. म्हणाले, “मॅडम, मी तिथे जे ऐकलं ते सांगतोय. तुम्ही त्यांच्याकडून जे ऐकलं ते सांगताय. आपल्या दोघांपैकी कुणीच त्या तंबूत नव्हतं.”

हे मात्र खरं होतं. मामंजी म्हणाले होते तेच, त्यांच्या स्वतःच्या शब्दाला काय किंमत? तेवढ्यात कोरियन मंडळींच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मी होतो.”

वळून बघते तर ड्रायक्लीनरकाका! शॉपिंग प्लाझामधल्या ज्या दुकानात माझ्या सिल्कच्या साड्या जायच्या, तिथले. मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात होते आणि कपडे न्यायला ‘ट्यूजडे’ की ‘थर्सडे’ यापलीकडे त्यांचा शब्द ऐकला नव्हता. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांनी थांबत थांबत इंग्रजीत सांगितलं ते असं. ते उत्तरेचे. सक्तीने भरती झालेले, पकडले गेलेले. छावणीत टोळीने दंडावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवली आणि बजावलं, परत जाशील तर आत्ताच मरशील. आम्ही हिंदी शिपायांना दगड मारले, शिव्या घातल्या. मग मला तंबूत नेलं. मी ओरडायचं ठरवून गेलो होतो. पण समोरच्या अधिकाऱ्याने माझ्या गावाचं नाव घेतलं. म्हणाला, तुझी आई वाट बघते आहे. आणि माझे पाय हलेनात.

“हे गृहस्थ म्हणतात, हिंदी शिपाई ढकलत होते,” ते आजोबांकडे बोट करून म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. “ढकललं असतं तर बरं झालं असतं! मी त्या दारापाशी उभ्या शिपायाकडे बघितलं. माझ्याच वयाचा होता. मी नजरेने त्याला विनवलं, की तू सांग, मी कुठल्या दाराने जाऊ? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांबाकडे बघत राहिला. मी छावणीच्या दाराने गेलो, आणि पुढे दक्षिणेतच राहिलो. आई पुन्हा दिसली नाही. जिवंत आहे की गेली तेही कळलं नाही. पन्नास वर्षं मी त्या शिपायावर रागावलेलो आहे.”

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मामंजी ढकलत नव्हते, याची साक्ष मिळाली होती, आणि ती दिली होती त्यांच्यावर रागावलेल्या माणसाने. माझं ऊर इतकं भरून आलं की क्षणभर वाटलं, आता टाळ्याच वाजवाव्या.

पण मामंजींनी माझा दंड धरला. “काय म्हणतोय तो मानूस?”

मी सांगितलं. सगळं, शेवटच्या रागासकट. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. आपली अब्रू परत मिळाली हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. ते उठून उभे राहिले आणि त्या माणसाकडे बघत मराठीतच बोलायला लागले, मला भाषांतराला मधे मधे वाट देत.

“त्याला सांग, तो शिपाई मीच, असं मी म्हणनार न्हाई. आमी पुष्कळ व्हतो. पन मीबी तिथं तसाच हुबा राहिलोय, अन् तुझ्यासारख्या पोरांनी माझ्याकडंबी बघितलंय. मला दिसत न्हवतं असं न्हाई. डोळ्याच्या कडेनं दिसतं की.”

मी सांगितलं.

“त्याच दिवसांत माझी आई गेल्याची खबर मला तिकडं कळली व्हती. रजा न्हवती. तुमाला समजावनारा मानूस आईचं नाव काढायचा तवा माझी नजर खांबावरनं सुटाया बघायची. मी जर तुझ्याकडं बघितलं असतं ना, तर माझे डोळे ‘घरी जा’ म्हणाले असते. म्हणून न्हाई बघितलं. तू घरी गेला असतास, अन् तिकडं तुला गोळी घातली असती, तर? न्हाईतर सुखात राहिला असतास, तर? मला काय ठाव? तुझं आयुष्य तुझं व्हतं. त्यात माझी आई घालायचा मला हक्क न्हवता.”

या वाक्यांना थोडं सजवून, थोडा भारताचा मोठेपणा मिसळून सांगावं, असं एरवी मला नक्कीच वाटलं असतं. त्या क्षणी वाटलं नाही. त्यांचं जेवढं होतं तेवढंच इंग्रजीत सांगितलं. असा माणूस माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत होता, याचा मला फार अभिमान वाटला.

ड्रायक्लीनरकाका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “म्हणजे मला कुणी पाठवलं नाही. मीच आईकडे गेलो नाही.” आणि खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले.

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं. “नगं सांगू,” मामंजी म्हणाले. “समजलं मला.” आणि ते रांगेतून वाट काढत त्या माणसाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.